नोंद सापडली नाही

नरसव्वा कोडमच्या शेंगाचटणीला बारकोड नाही.
पुडीला रबर आहे, वर पेनानं लिहिलंय:
पाव किलो, मंगळवार.
कुठला मंगळवार ते विचारायचं नसतं.

मी पुडी फोनसमोर धरतो.
कॅमेरा उभ्या रेघा शोधत राहतो,
नवा पोरगा मागावर तुटलेला ताणा शोधतो तसा,
आणि शेवटी दमून म्हणतो: नोंद सापडली नाही.

दिवसा मी अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
टॉवेलवर मोर बसवतो. चौकट भरली, चौकट रिकामी,
एवढंच काम; मोर आपोआप होतो.
रात्री विडी घरकुलात, पंखा चालू असेल तर,
खाद्यपदार्थांच्या एका मोठ्या वहीची शिवण दुरुस्त करतो.
वही कुणाचीच नाही. म्हणून कुणीही पान जोडावं,
कुणीही फाटलेलं दाखवावं.
तिचा कोड उघडा, आमच्या गल्लीतल्या नळासारखा,
फक्त इथं पाणी रोज येतं.

टॉवेलच्या नमुन्यांमागे मी सुधारणा लिहून ठेवतो.
पहिली: बारकोडशिवाय आत येता यावं.
बिस्किटांना दार आहे, भाकरीला खिडकीसुद्धा नाही.

दुसरी अंबाडीची.
माझी आई तिला गोंगुरा म्हणते, समोरचे बिराजदार पुंडी,
मस्तान जॉबरच्या घरी ती अंबाडा असते.
वहीत तिच्या चार भाज्या झाल्यात, चौघींचं लोह वेगवेगळं.
जुडी एकच, एकाच हातगाडीवरची, दहा रुपयांची.
एकत्र करू, पण वर नाव कुणाचं?
यावर तीन रात्री गेल्या.
शेवटी लिहिलं: जो विचारेल त्याचं.

मूठ हे माप हवं. कुणाची मूठ, ते पुढे बघू.
वीज गेली तर नोंद खिशात थांबावी, रेंज आली की निघावी.
कडक भाकरी मोडतानाच्या आवाजाला एक रकाना...
हे खोडलंय. पण नीट खोडलेलं नाही.

मग मस्तानला डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं.
त्यानं मीच हातानं केलेली चटणीची नोंद उघडली.
मीठ: शून्य.
मस्तान हसला. "शून्य? माझी जीभ बघ."
मी शून्य लिहिलं नव्हतं. माहीत नव्हतं म्हणून
रकाना रिकामा सोडला होता.
वहीनंच रिकाम्याला शून्य वाचलं.
मागावर असली चूक झाली तर मोराचा डोळा जातो.
इथं माणूस चटणी दुप्पट वाढून घेतो.

म्हणून गेलो नरसव्वाकडे. ती उखळापाशी.
मीठ किती घालता?
"कुठं लिहिणार?"
सगळ्यांना दिसेल असं, म्हटलं. मुक्त.
"म्हणजे फुकट."
तसं नाही, मुक्त.
"तेच ते." मुसळ थांबलं नाही.
मी समजावत गेलो. माझ्यापाशी होतं ते सगळं खरं होतं,
आणि तिची पुडी ऐंशी रुपयांची.
मीठ तिनं सांगितलं, मस्तानसाठी:
पाव किलोला दोन चमचे, सपाट.
आणि लसूण?
"चेप्पनु."
सांगणार नाही.

त्या रात्री मोठी दुरुस्ती पाठवली.
शून्य वेगळं. माहीत नाही, ते वेगळं.
आणि एक तिसरं, ज्याला कोडमध्ये मला दुसरं नाव सुचेना.
दूर कुठून तरी, जिथं तेव्हा सकाळ असावी,
टोपणनावाच्या एका माणसानं विचारलं:
चेप्पनु म्हणजे काय? बिघाड आहे का?
नाही, मी लिहिलं, चालू आहे.

मीठ: दोन चमचे, सपाट.
लसूण: चेप्पनु.
आधार: नरसव्वा कोडम, तोंडी.
मंगळवार.